सव्वाबाराचा मध्यान्ह

आमच्या ढाणकीत कुणालाही विचारा, सूर्य किती वाजता उगवतो? माणूस आधी तुमच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहील आणि मग म्हणेल, "उगवला का दिसतेच नं बाप्पा. इचाराले कायले पाह्यजे?" हा न विचारण्यासारखा प्रश्न सोडवण्यात माझी बारा-तेरा वर्षं गेली. पोटापाण्याचा धंदा म्हणाल तर टायपिंग आणि कॉम्प्युटर क्लासचा, बाजाराच्या रस्त्यावर, खताच्या दुकानाच्या माडीवर. पण गावात मला कॉम्प्युटरवाल्या मॅडम म्हणणारे कमी आणि सूर्यवाल्या मॅडम म्हणणारे जास्त. मागच्या वर्षी क्लास माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या हवाली केला. तिनं पाटी बदलली, भिंतींना रंग दिला, खुर्च्या नव्या आणल्या. सूर्य तेवढा मी माझ्याकडे ठेवला.

सुरुवात कोंबड्यांपासून झाली. फुलसावंगीच्या रस्त्याला राठोडभाऊंचं अंड्यांच्या कोंबड्यांचं शेड आहे. एके दिवशी ते ऐन क्लासात येऊन उभे राहिले.

"मॅडम, दिवस किती घंट्याचा हाय?"

"चोवीस."

"थो नाई वो. उजेडाचा."

मग कळलं की अंडी देणाऱ्या कोंबडीला रोज सोळाएक तास उजेड लागतो. सूर्य जेवढा देईल तेवढा द्यायचा, उरलेला बल्ब लावून भरून काढायचा. दिवस रोज थोडा वाढतो, थोडा घटतो, म्हणून राठोडभाऊंना वर्षभराचा, आठवड्यागणिक तक्ता हवा होता. "तुमच्या मशीनवर काहाडून द्या," असं म्हणून ते निघूनही गेले. मी तेव्हा पोरींना पायथन नावाच्या भाषेत बेचा पाढा छापायला शिकवत होते. कॉम्प्युटरकडून बेचा पाढा म्हणवून घेणं म्हणजे बैलजोडी जुंपून भाजी निवडण्यासारखं. मला वाटलं, चला, एकदाचं खरं काम आलं.

हे गणित काय असतं ते बाहेरच्या माणसांसाठी सांगते. घाबरू नका, मीही घाबरले होते. पृथ्वी थोडी कलून फिरते, म्हणून सूर्य वर्षभर जागा बदलतो. आज वर्षाचा कितवा दिवस, हे सांगितलं की सूर्य विषुववृत्ताच्या किती वर किंवा किती खाली आहे ते निघतं. आपलं गाव विषुववृत्ताच्या किती वर आहे, हे सांगितलं की दिवस किती लांबीचा ते निघतं. आणि गाव पूर्व-पश्चिम कुठं आहे हे सांगितलं की ते सगळं घड्याळात किती वाजता घडणार ते कळतं. देशाचं घड्याळ एकच, ते आपल्यापेक्षा बऱ्याच पूर्वेकडच्या एका रेषेवर लावलेलं. त्या रेषेवरून आमच्या ढाणकीवर यायला सूर्याला अठरा-एकोणीस मिनिटं लागतात. घड्याळ थांबत नाही, सूर्य मागून येतो. वर सूर्याची स्वतःची थोडी लहर असते, कधी तो काही मिनिटं पुढं, कधी मागं. तीही मांडता येते.

आणखी एक गंमत. क्षितिजावर सूर्याची वरची कड आपल्याला दिसते तेव्हा साहेब खरे अजून खालीच असतात, हवा त्यांना उचलून दाखवते. हे सांगितल्यावर क्लासातली एक पोरगी म्हणाली, "म्हणजे मॅडम, थो आधी फोटो पाठवते अन् सोता मागून येते." इतकं नेमकं मला आजवर सांगता आलेलं नाही.

एवढं सगळं वीस-पंचवीस ओळींत बसतं. मात्र त्या ओळी बसवताना मला पंधरा दिवस लागले. कॉम्प्युटर कोन अंशांत मोजत नाही, त्याचं माप निराळं. ते बदलून द्यायचं मी विसरले आणि माझ्या पहिल्या तक्त्यात ढाणकीचा दिवस कधी चार तासांचा तर कधी वीस तासांचा निघाला. कोंबड्यांनी संप केला असता. शेवटी जमलं. डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस अकरा तासांना तीन मिनिटं कमी, जूनमधला सर्वांत मोठा तेरा तास एकोणीस मिनिटं. राठोडभाऊंनी तक्ता शेडात टांगला, आणि कोंबड्या खूश असल्याचा पुरावा म्हणून अंड्यांचा एक ट्रे घरी आला. उभ्या आयुष्यात मला कुठल्याही प्रमाणपत्रानं एवढा आनंद दिला नसेल.

यशानं माणूस फुगतो. मीही फुगले. आमच्या बुद्धविहारात उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर असतं. घरसंसारातली माणसं डोकं भादरून, चीवर घालून दहा दिवस भिक्खूंसारखी राहतात. भिक्खू आणि श्रामणेर मध्यान्हानंतर अन्न घेत नाहीत. सकाळी न्याहरी, मध्यान्हाच्या आत जेवण, आणि मग थेट दुसऱ्या दिवशी. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मी आपणहून विहारासाठी सूर्योदय, मध्यान्ह आणि सूर्यास्त असा छान रंगीत तक्ता छापला आणि भिंतीवर लावून आले.

विहाराचं कामकाज वानखडे गुरुजी पाहायचे. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि चाळीस माणसांसमोर तक्त्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, सूर्यास्त सहा वाजून ब्याऐंशी मिनिटांनी. असं घड्याळ कुठं भेटते? मले एक घ्याचं हाय."

मी पाहिलं आणि जागेवर गार झाले. सूर्योदय ५.७०, सूर्यास्त ६.८२. कॉम्प्युटर तासांचे शंभर भाग करून सांगत होता, आणि ते साठ मिनिटांत बदलायचं राहून गेलं होतं. राठोडभाऊंना तेरा पूर्णांक अकरा तास चालत होते, त्यांना वजाबाकीच करायची होती. इथं चालणार नव्हतं. आणि खरी भीती मला घरी आल्यावर वाटली. मध्यान्हापुढं छापलं होतं १२.२६. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, ते अगदी खऱ्या वेळेसारखं दिसत होतं. प्रत्यक्षात मध्यान्ह होता सव्वाबाराला. कुणी माझ्यावर विश्वास ठेवून बारा सव्वीसपर्यंत जेवलं असतं तर माझ्या हुशारीपायी चाळीस जणांचं शील मोडलं असतं.

चूक मी त्याच दिवशी दुरुस्त केली. पण गुरुजींनी नवा तक्ता घडी करून खिशात घातला आणि फर्मान काढलं, "दोन्ही काटे बारावर आले का मध्यान्ह. इथं मशीनचा सूर्य चालनार नाई." मी खट्टू झाले, पण भांडू कोणत्या तोंडानं?

बाहेर मात्र माझा सूर्य जोरात होता. आमच्या बाजारातले एक अडत व्यापारी सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. त्यांनी तक्ता गादीशेजारी लावला, आणि संध्याकाळी सौदा रंगात आला की त्यांचा दिवाणजी ओरडायचा, "शेठ, अठरा मिन्टं राह्यले!" शेठ हातातलं सोयाबीन टाकून ताटावर पळायचे. उमरखेडचे एक वकील चार वर्षांपूर्वीच्या एका तारखेचा सूर्यास्त विचारायला आले. साक्षीदारानं भांडण उजेडात पाहिलं की अंधारात, एवढाच मुद्दा होता. मी काढून दिलेली वेळ त्यांच्या अशिलाला सोयीची निघाली नाही. ते बराच वेळ कागद उलटसुलट करत बसले. मी म्हटलं, "वकीलसाहेब, हा साक्षीदार फुटत नाही." चहा न घेता गेले. आणि एक नवरीचे वडील होते. गोरज मुहूर्तावर लग्न, नवरदेवाची वरात नाचत येणार, म्हणून त्यांना पत्रिकेत सूर्यास्तच वीस मिनिटं उशिरा छापून हवा होता. "तुमच्याच हातात हाय नं मॅडम, थोडा सरकवा." माणसाची माझ्यावर केवढी ती श्रद्धा!

आता गयामावशीचं सांगते, कारण हे सगळं लिहायला बसले ते तिच्यासाठीच.

गयामावशी माझ्या आईची धाकटी बहीण, फुलसावंगीला राहते. सत्तरी ओलांडलेली, पण तुरीच्या शेतात अजून सुनांच्या पुढं चालते. शिबिराला रोज एका घराचं भोजनदान असतं. आयुष्यात एकदा तरी भंतेजींना, म्हणजे भिक्खूंना, आणि सगळ्या श्रामणेरांना आपल्या हातचं जेवू घालायचं, ही मावशीची जुनी इच्छा. कधी घरात आजारपण, कधी आणखी काही, दर वर्षी राहून जायचं. दोन वर्षांपूर्वी तिला एक दिवस मिळाला. मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. आपल्या शेतातली तूरडाळ, आपल्या झाडाचे आंबे, स्वतः घातलेल्या कुरडया. महिनाभर ती दुसरं काही बोलत नव्हती.

आदल्या दिवशी तिचा फोन आला. "शोभे, जेवन किती वाजेपर्यंत झालं पाह्यजे वं?"

इथं कुणीही शहाण्या बाईनं सांगितलं असतं, मावशी, अकराला येऊन बस. पण मला माझं गणित मिरवायची हौस. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "सगळे बारा म्हणतात, पण ते खरं नाही. उद्याचा मध्यान्ह बरोबर सव्वाबाराला आहे."

"सव्वाबारा," मावशी म्हणाली. "मंग पोया गरमगरम आनता येतीन." आणि फोन ठेवला. गुरुजींचं फर्मान तिला सांगायचं मला सुचलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी वाढायला म्हणून साडेदहालाच विहारात गेले. अकरा वाजले, मावशी नाही. साडेअकराला श्रामणेर ओळीनं पात्रं घेऊन बसले. त्यांत एक ऑटोवाला होता, दोन मास्तर होते, बाकी शेतकरी. सगळे डोळे मिटून बसल्याचं दाखवत होते आणि एका डोळ्यानं फाटकाकडे बघत होते. बाहेर ऊन असं की फरशीवर पाय ठेवता येत नव्हता. पावणेबाराला मी फोन लावला, मावशीनं तो घरीच ठेवलेला. नातसून म्हणाली, "कवाच्याच निंगाल्या." बारा वाजायला आले तसे गुरुजी घड्याळाखाली जाऊन उभे राहिले. दोन्ही काटे जुळले आणि ते म्हणाले, "झालं. उठा आता. आज पानीच."

श्रामणेर उठले, आणि फाटकात ऑटो थांबला.

मावशी उतरली ती हसतच. पांढरंशुभ्र लुगडं, डोक्यावरून पदर, आणि मागं दोन सुना जेवणाची मोठी पातेली, आमच्याकडचे गंज, उतरवताहेत. तिच्या चेहऱ्यावर घाईचं नाव नव्हतं. तिच्या हिशेबानं ती वेळेच्या बारा-तेरा मिनिटं आधी आली होती.

गुरुजी पुढं झाले. वाईट त्यांनाही वाटत होतं, आवाज खाली आला होता. "मावशी, येळ टळली. बारा वाजून तीन मिन्टं झाले. आता अन्न नाई चालत. आंब्याचा रस तेवढा गाळून द्या, थो चालते."

"रस पाजाले नाई आली मी गुरुजी," मावशी शांतपणे म्हणाली. "जेवू घालाले आली. अन् मध्यान सव्वाबाराले हाय. आमच्या शोभीनं सांगतलं."

सगळे माझ्याकडे वळले. ते ब्याऐंशी मिनिटंवाल्या बाईकडे पाहत होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग सगळा माझा माझ्यावरच होता. मावशीचं इतक्या वर्षांचं दान माझ्या एका फुशारकीत फाटकावर अडकलं होतं. कागद दाखवून उपयोग नव्हता. तेवढ्यात अंगणातल्या धम्मध्वजाच्या खांबाकडे नजर गेली.

"गुरुजी," मी म्हटलं, "मला सोडा. सावली बघा."

खांब पंधराएक फुटांचा, आणि त्याची सावली पायथ्याच्या ओट्यावर फक्त वीतभर, पश्चिमेच्या अंगाला.

"मध्यान्ह उलटला असता तर ती पूर्वेला गेली असती. ती अजून पश्चिमेला आहे. म्हणजे सूर्य अजून डोक्यावर यायचा आहे."

"वीतभर तर हाय," गुरुजी म्हणाले. "खांब तिरपा असन."

मागून ऑटोवाला श्रामणेर बोलला, "गुरुजी, खांब तं तुमीच ओयंबा लावून उभा केलता!" आणि शीलं पाळणारी ती सगळी माणसं खो खो हसली.

हसण्यानं शिबिराचे मोठे भंते बाहेर आले. ते आमच्या भागातले नव्हते, फार कमी बोलायचे. त्यांनी काय झालं ते ऐकून घेतलं, सावलीपाशी उभे राहिले आणि मला विचारलं, "उपासिके, ही सावली कधी फिरेल?"

"फिरणार नाही भंतेजी, नाहीशी होईल. वर्षातून दोनदाच आपल्याकडे सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्यातला एक दिवस आज आहे. सव्वाबाराला सावली राहणारच नाही."

भंतेंनी क्षणभर वर पाहिलं, मग मावशीकडे. "घड्याळं नव्हती तेव्हाही मध्यान्ह होत होता," ते म्हणाले. "सावली आहे तोवर जेवू. बसा सगळे."

त्यानंतर जे झालं तसं वाढप मी कुठल्या लग्नात पाहिलेलं नाही. सुना पोळ्या टाकत पळत होत्या, मी वरणाची बादली घेऊन पळत होते, मावशी दोन्ही हातांनी रस वाढत होती. आणि गुरुजी? गुरुजींनी डोक्यावर दस्ती टाकली, तापलेल्या ओट्याशी उकिडवे बसले आणि सावलीला बोटं लावून मोजायला लागले. पस्तीस वर्षांचा मास्तर जागा झाला होता. "सहा बोटं!" ते ओरडले. "घाई नाही, घास चावून घ्या!" थोड्या वेळानं, "चार बोटं! कुरडई राह्यली का कोनाची? वाढा त्याले!" जेवताना बोलायचं नसतं, म्हणून श्रामणेर गालातल्या गालात हसत होते आणि भराभर जेवत होते. मी मात्र वाढता वाढता देवधर्म न मानणारी बाई असूनही मनातल्या मनात त्या सूर्याच्या विनवण्या करत होते. सावली गेलीच नाही तर? कुठं तरी अजून एखादी वजाबाकी उलटी झाली असेल तर? आज भंतेजी माझ्या शब्दावर जेवत होते.

"दोन बोटं!"

भंतेंनी शेवटचा घास घेतला, पात्र बाजूला ठेवलं, हात धुतले. त्यांचं पाहून सगळ्यांनी हात धुतले. "एक बोट," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. आम्ही सगळे ओट्याभोवती जमलो. खांबाच्या पायथ्याशी चहूकडे नुसतं ऊन होतं. कुणीतरी आतलं घड्याळ पाहून आलं आणि म्हणालं, सव्वाबारा.

तिथंच उन्हात उभं राहून भंतेंनी मावशीच्या दानाचं अनुमोदन केलं. 'साधू, साधू, साधू' असा सगळ्यांचा आवाज उठला आणि मावशी हात जोडून, डोळे मिटून ऐकत राहिली. नंतर गुरुजी तिच्यासमोर आले आणि रिकामा गंज उचलून स्वतः विहिरीवर घासायला घेऊन गेले.

मी विहाराच्या पायरीवर बसकण मारली आणि जे इतका वेळ दाबून धरलं होतं ते डोळ्यांवाटे सुटलं. मावशी येऊन शेजारी टेकली.

"काहून रडून राह्यली वं?"

"मावशी, थोडक्यात वाचलो. तू घाबरली कशी नाहीस गं?"

"मी कायले घाबरू? तू सांगतलं व्हतं नं." तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, वर एकदा डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "थो का आपल्यासाठी थांबला व्हता का? थो त्याच्या येळेवर आला, आपून आपल्या."